दारावरची पाटी, दारामागचे वचन

आयर्लंडमधील एखाद्या मद्यगृहात प्रथमच गेलेल्या परक्या माणसाची एक फजिती ठरलेली असते. मागच्या बाजूच्या अरुंद बोळात दोन दारे असतात. एकावर 'फिर' आणि दुसऱ्यावर 'म्नॉ' असे आयरिश भाषेतील शब्द रोमन लिपीत लिहिलेले असतात. पाहुण्याला इंग्रजी येत असते, आयरिश येत नसते. पहिल्या शब्दाचा आरंभ 'एफ'ने होतो, तेव्हा तो 'फीमेल'चा संक्षेप असावा असा तो तर्क करतो. दुसऱ्याचा आरंभ 'एम'ने होतो, तेव्हा तो 'मेन'चाच कोणीतरी घाईत लिहिलेला अवतार असावा असे त्याला वाटते. तर्क सुसंगत असतो आणि निष्कर्ष नेमका उलटा निघतो. आयरिशमध्ये 'फिर' म्हणजे पुरुष आणि 'म्नॉ' म्हणजे स्त्रिया!

या फजितीत दोष कोणाचाच नाही. आयरिश ही त्या देशाच्या राज्यघटनेने मान्य केलेली पहिली अधिकृत भाषा आहे. तिथल्या दारावर तिथली भाषा असावी यात गैर काही नाही. पाटी खरेच बोलत असते. वाचणाऱ्याला ती भाषा ठाऊक नसते, इतकेच. परंतु याच प्रकारची फजिती आज जगभरातील अनेक बार आणि उपाहारगृहे आपल्या गिऱ्हाइकांवर हौसेने लादत आहेत. तिथे भाषेचे अज्ञान आडवे येत नाही, मालकाची कल्पकता आडवी येते. स्वच्छतागृहाच्या दारावर सर्वांना कळेल अशी पाटी न लावता स्वतःच्या कल्पनेतील खास पाटी तयार करून लावणे ही आता एक रूढ पद्धत झाली आहे. विषय वरवर क्षुल्लक आणि काहीसा अप्रशस्तही वाटेल. तथापि खाजगी हौस आणि सार्वजनिक सोय यांची सीमारेषा कोठे आखावी, हा जुना प्रश्न या हातभर लांबीच्या फळीवर जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

हौसेचे अर्थशास्त्र

प्रथम मालकाची बाजू समजून घेतली पाहिजे. बियर सर्वत्र तीच असते, पेलाही तोच असतो आणि दरातही फारसा फरक करता येत नाही. अशा धंद्यात शेजारच्या दुकानापेक्षा आपण निराळे आहोत हे गिऱ्हाइकाच्या मनावर कसे ठसवायचे? एडवर्ड चेंबरलिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९३३ साली मक्तेदारीयुक्त स्पर्धेचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्याने नेमक्या याच अवस्थेचे विवेचन केले होते. वस्तू जवळजवळ सारखी असली की विक्रेता तिच्याभोवतीचे वातावरण वेगळे करू पाहतो. नाव, सजावट, दिवे, संगीत यांवर खर्च होतो तो यासाठी. या सर्वांत स्वच्छतागृहाची पाटी सर्वांत स्वस्त. लाकडाची फळी, थोडा रंग किंवा अॅक्रिलिकचा तुकडा आणि एखाद्या पेंटरची अर्ध्या दिवसाची मजुरी एवढ्यात काम भागते. शिवाय प्रत्येक गिऱ्हाईक निदान एकदा तरी त्या दारापाशी जाणारच. पाटी चमत्कारिक असली की ते परत येऊन मित्रांना सांगते. इतक्या अल्प खर्चात इतकी जाहिरात दुसऱ्या कशाने होणार?

म्हणून मग पाट्यांचे नाना प्रकार निघाले. एका दारावर कोंबडा तर दुसऱ्यावर कोंबडी. एकावर मिशी, दुसऱ्यावर रंगवलेले ओठ. एकावर उंच टोपी, दुसऱ्यावर उंच टाचेचा जोडा. विज्ञानाची आवड असलेला मालक गुणसूत्रांची अक्षरे लिहितो किंवा मंगळ आणि शुक्र यांची चिन्हे काढतो. इंग्रजी भाषिक देशांतील समुद्रकाठच्या बारमध्ये 'बॉइज' आणि 'गर्ल्स' यांच्या उच्चारांशी खेळून एका दारावर पाण्यात तरंगणारा बोया आणि दुसऱ्यावर समुद्रपक्षी रंगवलेला आढळतो. शिकारीचा शौक असलेल्या भागात 'पॉइंटर' आणि 'सेटर' या शिकारी कुत्र्यांच्या जातींची नावे दारांवर येतात. उभे राहणे आणि बसणे यांवरचा तो श्लेष आहे. यांतील काही कल्पना खरोखर गमतीच्या आहेत हे मान्य करावयास हरकत नाही. विनोदबुद्धीला मद्यगृहात मज्जाव असावा असे कोणी म्हणणार नाही.

किंमत कोण देतो?

पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी लाभाचा हिशेब मांडून थांबत नाही. या लाभाची किंमत कोण देतो, हे त्याला विचारावेच लागते. कारखान्याच्या धुराचा त्रास कारखानदाराच्या जमाखर्चात येत नाही, तो शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत जमा होतो, हे सर्वपरिचित उदाहरण आहे. कोड्यासारख्या पाटीचेही तसेच आहे. गमतीचे श्रेय मालकाला मिळते आणि तिची किंमत दारासमोर थबकलेल्या माणसाला मोजावी लागते.

तो माणूस कोण आहे याचा विचार केला तर किंमत सर्वांना सारखी पडत नाही हे ध्यानात येते. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती शून्य आहे, कारण त्याला दारे पाठ असतात. भाषा जाणणाऱ्या तरुणाला ती दोन-चार सेकंदांची आहे. परप्रांतीय किंवा परदेशी प्रवाशाला श्लेष कळत नाही, कारण श्लेष हा भाषेचा सर्वांत आतला कप्पा असतो. मधुमेहाने किंवा वयोमानाने ज्याला घाई असते त्याला ते चार सेकंदही भारी असतात. ज्याची दृष्टी अधू आहे त्याला मंद प्रकाशातील तपकिरी लाकडावरची काळी नक्षी दिसतच नाही. लाल आणि हिरव्यात ज्याला फरक कळत नाही त्याला केवळ रंगांनी भेद दाखवणारी दारे सारखीच दिसतात. त्यातून स्थळ मद्यगृहाचे. तेथे येणाऱ्याची आकलनशक्ती जाताना येतानापेक्षा कमी झालेली असणार, हे तर मालकाच्या धंद्याचेच गृहीत आहे. नेमक्या त्याच ठिकाणी कोडे घालावे, ही कल्पकता की बेफिकिरी?

शिवाय चुकीची शिक्षाही सारखी नसते. पुरुष चुकून स्त्रियांच्या दारात शिरला तर त्याचे हसे होते, क्वचित भांडण होते. आत असलेल्या स्त्रीला मात्र त्या क्षणी भीतीच वाटते. आणि विनोदाचा रोख पाहिला तर तोही बहुधा एकाच दिशेला असतो. पुरुषांच्या दारावर 'बडबड' या अर्थाचा शब्द एकदा आणि स्त्रियांच्या दारावर तोच शब्द वरपासून खालपर्यंत भरून लिहिलेला, ही पाटी पाश्चात्त्य देशांत अनेकांनी पाहिलेली आहे. ज्या दारातून जाण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच दारावर स्वतःची थट्टा वाचावी लागणे हा विनोद एकतर्फी होय.

सर्वांच्या मालकीची खूण

या पार्श्वभूमीवर, ज्या साध्या खुणांना कंटाळून मालक नवी पाटी करतो त्या खुणा आल्या कोठून हे पाहणे उद्बोधक ठरेल. त्या आपोआप रूढ झाल्या नाहीत. त्यांच्यामागे मोठा विचार आणि कष्ट आहेत. योगायोग असा की, या विचाराच्या प्रणेत्यांपैकी एक जण अर्थशास्त्रज्ञच होता. ऑटो नॉयराथ हा व्हिएन्नातील विचारवंत. १९२०च्या दशकात त्याने तेथे समाज आणि अर्थव्यवहार यांचे एक संग्रहालय चालवले. कामगारांना लोकसंख्या, घरबांधणी, आरोग्य यांचे आकडे समजावेत म्हणून त्याने चित्रखुणांची पद्धत सिद्ध केली. गर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराने तिच्यासाठी हजारो आकृत्या रेखल्या. अनावश्यक तपशील गाळून उरलेला तो काळा, सपाट, नाकडोळे नसलेला माणूस या परंपरेत घडला. पुढे ही पद्धत 'आयसोटाइप' या नावाने ओळखली गेली. शब्द माणसांना वेगळे करतात आणि चित्रे त्यांना जवळ आणतात, ही नॉयराथची श्रद्धा होती. १९३४ साली ऑस्ट्रियातील राजकीय उलथापालथीमुळे त्याला हेगला जावे लागले आणि १९४० साली तेथूनही जीव वाचवून इंग्लंड गाठावे लागले. भाषेच्या भिंतींचा अनुभव त्याला पुस्तकातून घ्यावा लागला नाही.

१९६४ साली टोकिओत ऑलिंपिक सामने भरले तेव्हा जपानपुढे हाच प्रश्न व्यावहारिक स्वरूपात उभा राहिला. जगभरातून येणाऱ्या पाहुण्यांना जपानी लिपी वाचता येणार नव्हती आणि सर्वांच्या भाषांत पाट्या लावणे अशक्य होते. मासारु कात्सुमी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील चित्रकारांनी खेळांसाठी आणि नित्याच्या सोयींसाठी चित्रखुणांचा संच तयार केला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९७४ साली, अमेरिकेच्या वाहतूक खात्याने तेथील ग्राफिक कलावंतांच्या संस्थेच्या साहाय्याने विमानतळ आणि स्थानकांसाठी ३४ चिन्हे प्रसृत केली. १९७९ साली त्यांत १६ चिन्हांची भर पडून संख्या ५० झाली. आज विमानतळावर दिसणारी स्वच्छतागृहाची स्त्री-पुरुष आकृती बहुतांशी याच कुळातली आहे. विशेष हे की, ही चिन्हे कोणीही विनामूल्य वापरावीत अशीच योजना होती. एकाने वापरल्याने दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही आणि जितके जास्त लोक वापरतील तितकी तिची उपयुक्तता वाढते, अशी ही सार्वजनिक संपत्ती आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. झगा घातलेली आकृती म्हणजे स्त्री, हे तरी सर्वांना कळते कशावरून? साडी नेसणाऱ्या स्त्रीला तो झगा आपला का वाटावा? आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे फेटेवाला पुरुष आणि डोक्यावर पदर घेतलेली स्त्री अशी चित्रे काढली जातात ती याच जाणिवेतून. पण खुणेचा अर्थ तिच्या आकारात कमी आणि तिच्या सवयीत अधिक असतो. पोलंडमध्ये पुरुषांच्या दारावर त्रिकोण आणि स्त्रियांच्या दारावर वर्तुळ असते. त्रिकोणात पुरुषासारखे काहीच नाही, तरी तेथील लहान मूलही चुकत नाही. कारण ती खूण घरोघरी, गावोगावी तीच आहे. सवय ही समाजाने हळूहळू साठवलेली ठेव आहे, आणि प्रत्येक नवी लहरी पाटी त्या ठेवीतून थोडेसे काढून घेते.

कायद्याने घातलेली चौकट

मग मालकाने स्वतःची पाटी करूच नये काय? अमेरिकेने या प्रश्नाचे दिलेले उत्तर विचारात घेण्यासारखे आहे. १९९० साली तेथे अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला. त्याखालील नियमांनी स्वच्छतागृहाच्या पाटीची मापेदेखील ठरवून दिली. अक्षरे हाताला लागतील अशी उठावदार, निदान ०.८ मिलिमीटर वर आलेली असावीत. ती साधी, शेपट्या-वेलांट्यांच्या नक्षीविना असावीत. त्यांखाली ब्रेल असावे. पृष्ठभाग चकाकणारा नसावा आणि अक्षर व पार्श्वभूमी यांत गडद-फिक्याचा स्पष्ट विरोध असावा. उठावदार अक्षरे जमिनीपासून ४८ ते ६० इंच उंचीच्या पट्ट्यात यावीत, आणि पाटी दारावर नव्हे तर कडीच्या बाजूच्या भिंतीवर असावी. शेवटच्या अटीमागे साधे शहाणपण आहे. दृष्टिहीन माणूस दारावरची अक्षरे चाचपीत असताना आतून कोणी दार उघडले तर त्याच्या तोंडावरच आदळेल!

कॅलिफोर्नियाने याच्या पुढे जाऊन दारावर भौमितिक आकृतीही सक्तीची केली. पुरुषांसाठी १२ इंच बाजूंचा त्रिकोण, स्त्रियांसाठी १२ इंच व्यासाचे वर्तुळ. अधू दृष्टीच्या माणसाला दुरूनही आकार कळावा हा हेतू. आणि २०१७च्या मार्चपासून त्या राज्याने असा नियम केला की, जेथे एका वेळी एकालाच जाता येते अशा सार्वजनिक स्वच्छतागृहावर स्त्री-पुरुष असा भेदच दाखवू नये. ते सर्वांसाठी म्हणून जाहीर करावे. छोट्या बारच्या मालकाचे निम्मे कोडे त्यामुळे आपोआप सुटले. वृद्ध पित्याला आधार देऊन नेणाऱ्या मुलीचे, लहान मुलीला घेऊन आलेल्या बापाचे आणि दोन्ही दारांत परके ठरणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीचेही.

या नियमांनी मालकाची हौस मारली काय? मुळीच नाही. नियमानुसार असलेल्या पाटीशेजारी मालक आपला कोंबडा किंवा बोया खुशाल रंगवू शकतो. लाकूड, पितळ, रंग, चौकट यांची निवड त्याचीच. कायद्याने सांगितले ते एवढेच की, आधी सांगावे, मग सजवावे. क्रम उलटला की सजावट ही अडवणूक होते.

आपल्याकडे पाटी आणि कुलूप

महाराष्ट्रात पाटीचा प्रश्न राजकारणाला अपरिचित नाही. २०२२ साली विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून सर्व दुकाने व आस्थापनांवर मराठी देवनागरीतील पाटी आवश्यक केली. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत असेही बजावले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. बाहेरच्या पाटीसाठी एवढा खल झाला. आतल्या दारावरच्या पाटीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. 'बार आणि परमिट रूम' ही अक्षरे रस्त्यावरून ठळक वाचता येतात. आत गेल्यावर स्वच्छतागृह कोठे आहे हे मात्र वेटरला विचारावे लागते. तो मानेनेच दिशा दाखवतो. पुरुष त्या दिशेने निघून जातो. स्त्रीला मात्र आधी विचारण्याचाच संकोच, आणि विचारून गेल्यावर कित्येक ठिकाणी 'महिला' अशी पाटी असलेल्या दाराला कुलूप. किल्ली गल्ल्यावर. आत रिकाम्या बाटल्यांचे क्रेट आणि मोडक्या खुर्च्या.

हा प्रश्न बारपुरता मर्यादित नाही, आणि नवाही नाही. जॉर्ज बर्नार्ड शॉ हा लंडनमधील सेंट पॅनक्रास विभागाच्या स्थानिक कारभारात काही वर्षे सभासद होता. कॅम्डन टाऊन भागात स्त्रियांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे म्हणून तो तेथे झगडला. पुरुषांची मुतारी फुकट आणि स्त्रीला मात्र एक पेनी, हा भेद त्याला खटकला. गरीब स्त्रीला ती पेनी म्हणजे मज्जावच, हे त्याने ओळखले. १९०९ साली स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार करताना त्याने हा 'उल्लेख न करण्याजोगा' विषय मुद्दाम पुढे आणला. शतक उलटल्यावर, २०११ साली, मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली तेव्हा तिची एक मुख्य तक्रार हीच होती: पुरुषांना मुतारी विनामूल्य आणि स्त्रियांकडून मात्र पैसे. 'मिळून साऱ्याजणी' आणि इतर याचिकाकर्ते याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना समित्या नेमून स्त्रियांच्या स्वच्छतागृहांची योजना आखण्याचे आदेश दिले. घराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत पाणी न पिणाऱ्या शिक्षिका, कारकून आणि विद्यार्थिनी या आदेशांचा अर्थ कोणत्याही निकालपत्राशिवाय जाणतात.

पाटीचा खरा अर्थ येथे स्पष्ट होतो. पाटी ही माहिती आहेच. पण त्याहून अधिक ती वचन आहे. 'महिला' हा शब्द लिहिणारा असे सांगत असतो की, या दारामागे प्रकाश आहे, पाणी आहे, आतून लागणारी कडी आहे आणि येथे कोणी चुकून शिरणार नाही. कोड्यासारखी पाटी शेवटचे वचन कच्चे करते, आणि कुलूप लावलेले दार सर्वच वचने मोडते. पहिला दोष श्रीमंत बाजारपेठांतला आणि दुसरा आपल्याकडचा. पण मूळ एकच आहे. पाटी ज्याला वाचायची आहे त्याचा विचार न करता ती लावली गेली.

कसोटी साधीच आहे

तेव्हा ज्या मालकाला आपल्या बारसाठी स्वतःची पाटी करायची असेल त्याने ती अवश्य करावी. फक्त काही गोष्टी पाळाव्यात. प्रथम मराठीत एक शब्द, ठळक आणि अलंकाराविना. त्याशेजारी सर्वपरिचित आकृती, कारण प्रत्येकाला वाचता येते असे नाही. फिक्या पार्श्वभूमीवर गडद किंवा गडदवर फिके, आणि वर एक दिवा. बसण्याच्या जागेवरून दिसेल असा एक बाण, म्हणजे कोणाला विचारावे लागणार नाही. खोली एकच असेल तर दोन दारांचे नाटक न करता नुसते 'स्वच्छतागृह' असे लिहावे. मग जागा उरेल तेथे कोंबडा, मिशी, जे हवे ते रंगवावे. पाटी लागल्यावर सामान पोचवायला आलेल्या हमालाला, परप्रांतातून आलेल्या वाहनचालकाला आणि घरातील आजीला ती दाखवावी. तिघांनाही न विचारता कळली तर पाटी उत्तम झाली. त्यांतील एकजण जरी थबकला तरी पेंटरला पुन्हा बोलवावे.

आणि या सर्वांआधी, दाराचे कुलूप काढून क्रेट दुसरीकडे हलवावेत. उत्तम पाटी बनवण्याचे पहिले काम दाराच्या आतल्या बाजूला असते.